खराब ट्यूब हवी आहे

डच भाषा शिकून पुण्यात लागलेली नोकरी सुटली आणि मी महाळुंग्याला घरी येऊन बसले. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, माझी बॅग माळ्यावर टाकली. त्यातच एका अनुवाद कंपनीचं चाचणीचं काम आलं: ट्यूबलाइट दुरुस्तीचं डच पुस्तक इंग्रजीत करायचं. जमलं तर घरून कायमचं काम, नाहीतर बॅग पुन्हा खाली.

बिघडलेल्या ट्यूबच्या एकेका नखऱ्याला डच लोकांनी वेगळा शब्द ठेवलाय. एक थरथरते, एक उघडझाप करते, एक नुसती टोकांना लाल होऊन बसते. शब्दकोशात त्यातलं काहीच नाही. म्हटलं, डोळ्यांनी बघून लिहू. पण आमच्या घरात सगळे एलईडी.

मग मी गल्लीभर खराब ट्यूब मागत फिरले. कोणी कबूलच होईना. "आमच्यात खराब काय नाय," शेजारच्या काकू फुगून म्हणाल्या, आणि वर चहा पाजला. समोरच्या भाऊंची ट्यूब काय सुंदर लुकलुकत होती! मी लॅपटॉप उघडेपर्यंत त्यांनी स्टुलावर चढून नवा स्टार्टर बसवला. "पोरी, डोळं जातील तुजं," म्हणाले. हसावं की रडावं कळेना. मी हसतच सुटले.

शेवटी ती सापडली आमच्याच गोठ्यात. घरातून काढलेली जुनी ट्यूब आप्पांनी तिथं लावली होती, कारण गाईला कुठं वाचायचंय. त्या ट्यूबबाईने एकटीने तिन्ही नखरे करून दाखवले. पेंडीच्या पोत्यावर बसून मी टाइप करत होते आणि आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

इतक्यात आप्पा दारात. हातात नवा एलईडी बल्ब, मंचरहून खास माझ्यासाठी आणलेला.

"आप्पा, ती काढू नका. खराब हाय म्हणून तर माजं काम चाललंय."

ते ट्यूबकडे बघत राहिले. "म्हंजे ही अशीच ऱ्हायली तर तू हितं ऱ्हाशील?"

"हो."

त्यांनी बल्ब खिशात घातला आणि बटणापाशी उभे राहिले. मी सांगेन तेव्हा बंद, सांगेन तेव्हा चालू. गाय पार वैतागली.

काम मिळालं. परवा वायरमन घरी आला होता. ट्यूबची फडफड बघून तो गोठ्याकडे वळला, तर आप्पा आडवे आले.

"तिला हात लावू नको, भाऊ," म्हणाले. "तिच्यामुळं पोरगी घरात हाय."