मधे काय हाय?

“आत कोन हाय रं? रस्सीच्या भायेर व्हा! हातात चहा असंल तर कपासकट पळा!”

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आमच्या शेडमधून ही आरोळी उठली, की शिरूरच्या एमआयडीसीतली कुत्रीसुद्धा पिवळ्या दोरीपलीकडं जाऊन बसायची. घोडनदीचं पाणी थबकायचं असं मी म्हणणार नाही. नदीला तेव्हा पाणीच नव्हतं. पण पुलावरचे लोक मागं वळून बघायचे, एवढं छातीठोक सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. आम्ही मोठमोठ्या लोखंडी टाक्या बनवायचो. मी वेल्डर, आणि हा ओरडणारा माणूस आमच्या जोडांचे गामा किरणांनी फोटो काढणारा. दोरी बांधायची, माणसं हाकलायची, शिशाच्या जड पेटीतून किरणांचा सोर्स लांबूनच बाहेर काढायचा, जोडाच्या पलीकडं लावलेल्या फिल्मवर फोटो घ्यायचा आणि सोर्स परत पेटीत. संध्याकाळी फिल्म उजेडाला धरून मला म्हणायचा, “उस्ताद, ह्यो जोड हाय का जाळीदार धिरडं?” तुम्हीच सांगा, लोखंडाच्या पोटातलं बघणाऱ्या माणसाशी दोस्ती करायला केवढं काळीज लागतं! मी केली.

त्याचा लाडका प्रश्न एकच: “मधे काय हाय?” किरण कुठवर पोचणार, ते मधे काय आहे त्यावर. ही सवय एवढी अंगात भिनली होती की कुणी नवरा-बायकोचं भांडण सांगितलं तरी हा गंभीरपणे विचारायचा, “मधे काय हाय? भिंत का सासू?”

राहायला तो खालाकडं, भाड्याच्या खोलीत. खाला म्हणजे आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणारी बाई. तिच्या शब्दापुढं गिरणीचा पट्टासुद्धा हळू फिरायचा.

त्याची बायको दौंडला माहेरी बाळंत झाली. मुलगी. त्यानं गल्लीभर पेढे वाटले, आणि पेढा खाता खाता शेजारच्या आप्पांनी विचारलं, “तुमी कारखान्यात नेमकं करता काय?” इथंच घोटाळा झाला. खरं सांगायची त्याला खोडच होती.

“तीन तऱ्हेचे किरण असत्यात, आप्पा. अल्फा म्हंजी लग्नाची वरात. दर दाराशी थांबून नाचनार. नुसता कागद आडवा आला तरी तिथंच दम संपला. बीटा म्हंजी आपली लाल एसटी. कागदातनं जाईल, पन जर्मलचं, म्हंजी ॲल्युमिनियमचं, जाड पातेलं मधे आलं की थांबली. आन् गामा म्हंजी विनाथांबा गाडी. शिरूर आलं काय, गेलं काय, तिला पत्ता न्हाई. तिला अडवायला शिसं पायजे, न्हाईतर जाडजूड काँक्रीट. तेबी नसंल तर आपन लांब पळायचं.”

आप्पांचा पेढा तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी त्या खोलीकडच्या भिंतीला वर्तमानपत्रं चिकटवली, खिडकीत जर्मलची परात टांगली, आणि गामाचा बंदोबस्त म्हणून मासे धरायच्या जाळ्याचे शिशाचे गोळे कमरेला बांधून हिंडायला लागले. तो खुळखुळाट ऐकून भाजीवाल्या गाय आली म्हणून कोथिंबीर झाकायच्या. बघता बघता सगळ्या गल्लीची जर्मलची पातेली खिडक्यांत चढली. भात मडक्यात शिजायला लागला. मी स्वतः खाल्लाय. तेवढ्यात आप्पांची कोंबडी अंडी द्यायची थांबली. झालं! सगळी मंडळी खालाच्या दारात.

“ह्याला काढा. कापडाला किरण चिकटून घरी येत्यात!”

तिकडं दौंडहून सासूबाईंचा निरोप होता: खोली पक्की असली तरच लेकीला आणि नातीला पाठवीन. त्याचा आवाज उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

“खाला, उन्हात उभं राहून घरी आलं तर ऊन सदऱ्याला चिकटून येतं का?”

“माझ्या पदराला रोज पीठ येतं की.”

“पीठ ही वस्तू हाय. किरण म्हंजी उजेड. त्याची वस्तू पेटीत सीलबंद, पेटी कारखान्यात कुलपात. माझ्यासंगं काय बी येत न्हाई.”

“तोंडानं नको, बेटा. दाखव.”

मग त्यानं काळ्या पाकिटात बंद केलेल्या दोन फिल्म आणल्या. एक त्याच्या कामाच्या सदऱ्याच्या खिशात घातली, आणि तो सदरा खालानं स्वतःच्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं. दुसरी फिल्म कारखान्यात वापरायची, म्हणजे फिल्म खोटी नाही हे कळावं. त्यासाठी खालानं स्टीलच्या डब्यात गुपचूप काहीतरी ठेवलं, झाकणाची फट कणकेनं लिंपली आणि डबा मला दिला. “तू ने. ह्याच्या हातात नको.” मी सायकलवरून तो डबा असा नेला, की रस्त्यात दोघांनी मला मुंडावळ्या कुठायत म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना गिरणीपुढं सगळी गल्ली लोटली. यवतहून ट्रक भरून आला होता. बरं, ट्रक कांद्यानं भरला होता आणि ड्रायव्हर एकटाच उतरला, पण यवतचाच.

सकाळी खालानं ट्रंक उघडून दिलेली सदऱ्यातली फिल्म माझ्या दोस्तानं धुऊन आणली होती, ती त्यानं सूर्याकडं धरली. कोरी. आरपार नितळ. मग कारखान्यातली धरली. काळ्या फिल्मवर बंद डब्याची फिकट कड, आणि मधोमध पाय फाकून पडलेलं काहीतरी पांढरट.

“अडकित्ता,” तो म्हणाला.

खालानं कणीक खरवडली, झाकण काढलं आणि अडकित्ता वर धरला. आप्पांनी तिथल्या तिथं कमरेची दोरी सोडली. गोळे त्यांच्याच पायावर पडले.

“आयाया! पन माझ्या कोंबडीचं काय?”

“म्हातारी झाली ती, आप्पा. तुमच्यासारखी,” खाला म्हणाली.

त्याच आठवड्यात दौंडहून जीप आली. अख्खी शेड रिकामी करणारा तो गडी पोरीसाठी कुजबुजायला शिकला. तिला कडेवर घेऊन बाजारात निघाला की पाठ उन्हाकडं करून खेकड्यासारखा तिरका चालायचा. मी मुद्दाम विचारायचो, “मधे काय हाय?”

“मी,” म्हणायचा.

टाक्यांचं काम संपलं, त्याला कंपनीनं दुसऱ्या राज्यात धाडलं. सामानाचा टेम्पो गेला त्या दिवशी मी खोलीत डोकावलो. खाला झाडत होती. वरच्या तुळईला पाळण्याचा हूक तेवढा राहिला होता.

“खाला,” मी म्हणालो, “त्या सदऱ्यातली फिल्म काळी निघाली असती तर?”

“तर काय? हूक मी डबा भरायच्या आधीच ठोकून घेतला होता.”