दिवसा बोललेलं घुबड

जऊळका स्टेशनवर उतरलो तेव्हा थंडी कानाला झोंबत होती आणि दुपारी ऊन डोकं तापवणार हेही कळत होतं. आमच्याकडचा सरता हिवाळा असाच, धड कुणाचाच नाही. अकोल्याहून आम्ही दोघंच आलो होतो, मी आणि प्रमोदभाऊ. प्रमोदभाऊ आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपचे प्रमुख. त्यांच्याकडे कळशीएवढी लेन्स आहे आणि एकच ध्यास: मत्स्यघुबडाचा दिवसाउजेडी, उडतानाचा फोटो. नदीकाठच्या झाडांत राहून मासे-खेकडे खाणारं हे मोठं घुबड दिवसभर ढिम्म बसून असतं. त्यामुळे ध्यास बरीच वर्षं जुना होता.

ऑटोवाल्यानं काटेपूर्णेच्या काठावरच्या एका गावात सोडलं. गावाचं नाव लिहीत नाही. का लिहीत नाही ते पुढे कळेलच.

नदी म्हणजे आता डोह तेवढे उरलेले, मधे गोटे आणि मोटारपंपांचे काळे पाइप. तरी सकाळ चांगली गेली. डोहात चक्रवाकांची जोडी होती, परतीच्या प्रवासाला निघण्याआधी पोट भरून घेत असावी. शेकाटे लांब लाल पायांवर चिखल तुडवत होते. धोबी पक्षी शेपटी हलवत फिरत होता. मी खूश होते. प्रमोदभाऊ म्हणाले, "हे तर कुठंही दिसतं."

पुढे काठावर एक जुना आंबा होता. खोड बुंध्यापासून पोकळ, आणि वर फांदी फुटते तिथं मोठी ढोली. दुर्बीण लावली तर ढोलीच्या तोंडाशी पांढुरकं, कापसासारखं डोकं हललं. पिल्लू! त्यामागे अंधारात मोठे पिवळे डोळे. मला खरोखर आनंदानं रडू आलं. प्रमोदभाऊंनी घड्याळ पाहिलं, ऊन पाहिलं आणि म्हणाले, "बाहेर यायला पाहिजे."

आंब्यापासून हाकेच्या अंतरावर शेतातलं घर होतं. अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत एक बाई बसली होती. नाव कौसल्याबाई. "सकायपासून हिंडून राह्यले, काही खाल्लं का नाई?" म्हणत तिनं कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि सोल्यांची (ओल्या हरभऱ्याच्या दाण्यांची) भाजी वाढली. आतल्या खाटेवर तिचे सासरे होते. कितीतरी दिवस अंथरुणाला खिळलेले, पण आदल्या दिवसापासून पेज मागू लागले होते. घरात त्याचं केवढं कौतुक!

मी घुबडाबद्दल विचारलं.

"हाय ना. लय वर्साचं हाय थे. रातभर घुमते."

"भीती नाही वाटत?"

"रातचं पाखरू रातीच बोलन, त्याले काय भ्या? उंदरं खाते बिचारं. दिवसा बोललं तर मात्र घरातलं मानूस नेते म्हन्तात. पन आमचं नाई बोलत दिवसा. शहानं हाय."

हे प्रमोदभाऊंनीही ऐकलं. माझ्या शेजारीच बसले होते ते, दुसरी भाकर मोडत.

जेवण झालं आणि ते आंब्याकडे गेले. मी हात धुऊन पोचते तो त्यांनी मोबाइल काढला होता. त्यात मत्स्यघुबडाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग होतं. ते वाजवलं की पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला.

"भाऊ, नका वाजवू. ती बाई आत्ताच काय बोलली?"

"एकदाच," ते म्हणाले. आणि वाजवतच राहिले.

ढोलीतून उत्तर आलं. हूम्... हूम्. भर दुपारी, खणखणीत. घरात भांडं पडलं.

आम्ही धावत गेलो. म्हातारबांनी पेजेची वाटी लोटून दिली होती. "मले न्याले आलं," एवढंच म्हणत होते. कौसल्याबाईचा नवरा शेतातून पळत आला. मी त्याला सांगितलं, हा मोबाइलचा आवाज होता. प्रमोदभाऊ लेन्स पुसत राहिले. रेकॉर्डिंग वाजवायचं नाही हा ग्रुपचा नियम त्यांनीच केलेला! मी चारचौघांत ओरडले तेव्हा कुठे त्यांनी मोबाइल काढला आणि खाटेपाशी जाऊन पुन्हा वाजवला.

म्हातारबांनी शांतपणे ऐकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमचं यंत्र बोललं, कबूल. मंग झाडावरून जवाब कोनं देल्ला?"

जवाब घुबडानंच दिला होता.

नवऱ्यानं बांधावरची पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) ओढून आंब्याच्या बुंध्यात कोंबली. मी आडवी गेले, हात जोडले, पिल्लू आहे म्हणाले. तो रागावलासुद्धा नाही. "ताई, तुमी जासान संध्याकायच्या गाडीनं. माह्या बापानं घास सोडला त्याचं काय करू?" कौसल्याबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. तिनं मला बाजूला घेतलं.

नवऱ्यानं काडी लावली आणि पोकळ खोडातून धूर वर चढला. मोठं घुबड बाहेर पडलं, पंख पूर्ण पसरून, उन्हात. माझ्यामागे कॅमेऱ्याचा टकटकटक आवाज सुरू झाला आणि मला त्या माणसाची किळस आली. घुबड नदीपलीकडे गेलं. पिल्लू बाहेर आलं नाही. त्याला उडताच येत नव्हतं.

निघताना कौसल्याबाईनं सांगितलं, "मामंजीनं पेज घेतली." मी "बरं झालं" म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. म्हणूनच जीव जास्त जळला. या घरावर रागावताही येत नव्हतं; कायद्यानं गुन्हा त्यांच्याच नावावर पडेल, म्हणून गावाचं नाव लिहिलं नाही. इतकी वर्षं त्यांनी त्या पाखराला काठीसुद्धा दाखवली नव्हती. आम्ही, पक्ष्यांचे मित्र, एका दुपारी गेलो, त्यांची भाकर खाल्ली आणि सगळं उरकून आलो.

परतीच्या गाडीत मी प्रमोदभाऊंच्या समोरची जागा सोडून दाराजवळ बसले. अकोला यायच्या आत फोटो ग्रुपवर आला होता. खाली त्यांनी लिहिलं होतं, "नैसर्गिक अधिवासात." फोटो अप्रतिम आहे, खोटं कशाला बोलू. एकेक पीस मोजून घ्यावं. अभिनंदनांची रीघ लागली. एकानं विचारलं, "भाऊ, मागचं धुकं काय सुंदर आलंय! पहाटेचा का?"

प्रमोदभाऊंनी त्याला होकाराचा अंगठा पाठवला.