एका मिश्काकला मिळालेलं शून्य

शुक्रवारी संध्याकाळी मिश्काक खायला निघायचं आणि खाऊन झालं की त्या जागेला दहापैकी मार्क द्यायचे, हा उद्योग आम्ही दोघांनी ओमानमधल्या सोहारमध्ये कित्येक वर्षं केला. मी इथल्या एका भारतीय शाळेत शिकवतो. समोर काहीही आलं की त्याला मार्क दिल्याशिवाय मला राहवत नाही. माझा दोस्त राजापूरकडचा, सोहारच्या बाजारात त्याचं मसाल्याचं दुकान आहे. तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला शेठ म्हणतो. दोन्ही पदव्यांत आदर बेताचाच.

मिश्काक म्हणजे चिंचेच्या कोळात आणि मसाल्यात मुरवून, काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले मटणाचे किंवा बीफचे तुकडे. ओमानात गावागणिक त्याची पद्धत थोडी बदलते. आमचीच पद्धत खरी, हा दावा मात्र कुठे बदलत नाही. बऱ्याच ठिकाणी गाडीतून उतरावंही लागत नाही. समोर गाडी लावून हॉर्न वाजवला की माणूस खिडकीशी येतो. माझा हात हॉर्नवर असायचा, पण त्याआधी शेठ काच खाली करून नाक बाहेर काढायचा आणि निकाल द्यायचा. "वाजव", नाहीतर "चल पुढे". त्याचं "चल पुढे" कधी चुकलं का, हे तपासायची सोय नव्हती, कारण आम्ही पुढे गेलेलो असायचो. जिथे थांबायचो तिथे मी मांसाला इतके, चटणीला इतके, रोटीला इतके असा हिशेब करून पावणेसात काढायचो.

"पावणेसात," शेठ म्हणायचा. "म्हणजे बोकड पास झाला की एटीकेटी?"

मग एका हिवाळ्यात शेठला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. तोंडात खारट, तिखट, गोड एवढंच उरलं. मसाल्याचा व्यापारी तो. मूठभर धणे नाकाशी धरून उभा राहायचा आणि काही कळेना की दुकानात हाताशी असलेल्या पुतण्याच्या तोंडाकडे बघायचा. डॉक्टरांनी सांगितलं, रोज लवंग हुंगा.

"मग आजवर मी दुसरं काय केलं?" शेठने त्यांना विचारलं.

डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलं होतं. नाक परत येतं तेव्हा सरळ येत नाही. आधी उलटसुलट होतं, चांगल्या गोष्टींनाही घाण वास येतो. शेठला घाणही येत नव्हती. येत्या ईदपर्यंत वाट बघायची, नाहीतर दुकान पुतण्याच्या हवाली करून गावी जायचं, असं त्याने ठरवून टाकलं. गावी जाऊन करणार काय, हे त्याला माहीत नव्हतं. तो गेल्यावर मी शुक्रवारी काय करणार, हे मला माहीत नव्हतं. असल्या गोष्टी आमच्यात बोलत नाहीत.

तो शुक्रवारी घरीच बसायला लागला. एकदा मी त्याच्या दारात गाडी लावून हॉर्न वाजवत राहिलो, शेवटी शेजाऱ्यांच्या भीतीने तो खाली आला.

"मी काय करू येऊन?"

"तू बस. वास मी घेतो. तुला सांगत जाईन."

पहिल्याच थांब्यावर त्याने विचारलं, "धूर कसा आहे?"

"धुरासारखा."

"मास्तर, तू भाषा शिकवतोस ना?"

मी पुन्हा प्रयत्न केला. चिंच जराशी करपलीय, चरबी निखाऱ्यावर ठिबकतेय. "ते मला दिसतंय," तो म्हणाला. "वासाचं सांग." घरात पुस्तकांचं कपाट भरलेलं आहे, पण त्यातलं एकही पुस्तक त्या वेळी मदतीला आलं नाही.

मस्कतला एक भारी हॉटेल निघालं होतं, तिथेही मी त्याला नेलं. तिथे मांस आधी येत नाही, आधी त्याची ओळख करून देणारा माणूस येतो. बोकड कुठल्या डोंगरात चरला, लाकूड कुठल्या झाडाचं, सगळं ऐकून घ्यावं लागलं. मग काचेच्या घुमटाखाली कोंडलेला धूर आला. वेटरने समारंभाने घुमट उचलला. आजूबाजूची टेबलं आवाज करून गहिवरली. शेठने धूर वर जाताना नीट पाहिला.

"दिसायला छान आहे," तो म्हणाला.

त्या हॉटेलला मी तीन मार्क दिले. त्यातले दोन पाण्याचे होते.

ईद जवळ आली. शेठला सुक्या लिंबांच्या मालासाठी इब्राला जायचं होतं. पुतण्याला न नेता त्याने मला नेलं. हा आपला शेवटचा सौदा असावा असं तो धरून चालला होता, आणि मीही. काम संपलं तेव्हा सूर्य डोंगरामागे जात होता. रस्त्याच्या कडेला एक वयस्कर ओमानी गृहस्थ पुठ्ठ्याने निखाऱ्यांना वारा घालत होता. तिकडच्या बऱ्याच घरांचं झांझिबारशी जुनं नातं आहे, हाही गिऱ्हाइकांशी मधूनच स्वाहिलीत बोलत होता. ना घुमट, ना बोकडाचं चरित्र. मी पहिला घास खाल्ला आणि मनात साडेनऊ मार्क देऊन मोकळा झालो.

शेठने काडी तोंडाशी नेली आणि खाली ठेवली. तोंड वाकडं केलं.

"काय जाळलंय यांनी? टायर?"

मी हुंगलं. चिंच, चरबी, कोळसा. टायर कुठेच नव्हता. शेठने स्वतःची बोटं हुंगली, मग बाही, मग माझा हात ओढून माझी बाही.

"तुझ्या शर्टालाही येतोय. शी."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्याने काडी पुन्हा नाकाशी नेली, पुन्हा तोंड वाकडं केलं, पुन्हा नेली. त्याचे डोळे भरले होते. धुरामुळे म्हणावं तर वारा उलट्या दिशेचा होता.

म्हातारा हातातला पुठ्ठा घेऊनच जवळ आला. "अच्छा नहीं है?" त्याने जरा काळजीने विचारलं.

"बहुत खराब," शेठ म्हणाला. "दो प्लेट और लाओ."

म्हाताऱ्याला काही कळलं नसावं, पण त्याने आणल्या. शेठने एकही तुकडा खाल्ला नाही, सगळे हुंगले. ते मी खाल्ले. परतीच्या रस्त्यावर त्याने काच वर करू दिली नाही. डिझेल, बकऱ्या, माझी गाडी, सगळ्याला नावं ठेवत आला. ईद आली आणि गेली, दुकानाचा विषय कुणी काढला नाही. लवंगेला अजून रॉकेलचा वास येतो म्हणतो, पण धणे आता तोच पारखतो.

इब्राच्या मार्कांवरून आमचं भांडण मात्र मिटलेलं नाही. माझे साडेनऊ आहेत, त्याचं शून्य, आणि दोघंही माघार घ्यायला तयार नाहीत. दर थोड्या महिन्यांनी शेठ म्हणतो, फेरतपासणीला जाऊ या. मी गाडीची किल्ली घेतो.