मिलानचं औषधालय आणि सोनईचं शटर

बॅगा भरून झाल्या आणि सचिननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना आकड्यांची कुलपं लावली. तीही आमच्या ओसरीत बसून. आई हातातला चटणीचा डबा तसाच धरून बघत राहिली आणि म्हणाली, "जावईबापू, घरातल्या घरात कुलूप कशापायी हो?" सचिन बिचारा ओशाळला. विमानतळावर लागतं, म्हणाला. आई म्हणाली, "मग थितं लावा की!" माझे वडील, आण्णा, हसले, मी हसले, तेवढ्यात गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला आणि रडायचं राहूनच गेलं.

आमचं घर शनिशिंगणापूरचं. तिथं घरांना दारं नसतात हे देवळामुळं सगळ्या जगाला माहीत आहे, आम्हाला मात्र त्यात कधी काही विशेष वाटलं नाही. चौकट होती, पडदा होता, रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून एक फळी टेकवायची, झालं. हल्ली काहींनी दारं बसवलीत. त्यांच्याबद्दल आई जे बोलते ते लिहिण्यासारखं नाही. दारच नसल्यावर कडी कशाची वाजवणार? म्हणून येणारा माणूस रस्त्यावरूनच आवाज द्यायचा, "हायसा का घरात?" आणि आतून आण्णांचं ठरलेलं उत्तर, "या की, उघडंच हाय!" रोजचाच विनोद, पण आण्णा दर वेळी स्वतःच आधी हसायचे.

बी. फार्म. झाल्यावर मी सोनईच्या बाजारपेठेत गाळा घेऊन मेडिकल टाकलं होतं. पाटीवर माझं नाव. ते दुकान म्हणजे माझा जीव होता, सरळच सांगते. बाया रिकामं पाकीट घेऊन यायच्या, "ताई, ह्याच्यातलीच दे, पण कडू नको." कीर्तनकार बुवा ज्येष्ठमध न्यायचे आणि जाताना दोन ओव्या ऐकवून जायचे. माझी एकच खोड होती. संध्याकाळी शटर ओढायचे आणि कुलूप लावायचंच विसरायचे. सवयच नव्हती ना! मग आण्णा गाडीला किक मारून सोनईला जायचे आणि आल्यावर ओरडायचे, "अगं, दुकान सोनईत हाय, शिंगणापुरात न्हाई! शनिदेवानं तिथली जिम्मेदारी घेतलेली न्हाई!"

लग्न झालं तेव्हा सचिन सुप्याच्या एमआयडीसीत होता. कंपनीनं त्याला मिलानला पाठवलं. थोड्या दिवसांचं काम आहे म्हणाले. मी औषधं परत केली, शटर खाली केलं, पाटी मात्र काढू दिली नाही. थोड्या दिवसांसाठी कोण पाटी काढतं?

नवऱ्यामागं परदेशी गेलेल्या बायांनो, ते थोडे दिवस कसे लांबत जातात ते तुम्हाला सांगायला नको.

इथलं, मिलानमधलं दार लोखंडी पत्र्याचं, वरून लाकूड चढवलेलं. नुसतं ओढलं तरी बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, आणि बाहेरून किल्ली फिरवली तर आतल्याला उघडत नाही. सुरुवातीला एकदा सचिन घाईत दोन्ही किल्ल्या खिशात घालून, दाराला बाहेरून नीट किल्ली फिरवून कामावर गेला. माणूस चांगला आहे, मुद्दाम नाही केलं. पण मी दिवसभर त्या दाराशी बसून होते. आग लागली तर काय, चक्कर आली तर काय, असलंच सगळं डोक्यात. त्यानंतर मी काय करावं? दिवसा एकटी असले की दारात चप्पल अडकवून ते उघडं ठेवायला लागले. जरा बरं वाटायचं. जिन्यातून कुणी गेलं तर मी आतून हसायचे, "चाओ" म्हणायचे. शेजारणीनं तक्रार केली. सचिन म्हणाला, "अगं, इथं असं नसतं करायचं. लोक घाबरतात." उघड्या दाराला लोक घाबरतात! मी चप्पल उचलली.

माझी डिग्री इथं चालत नाही. चालवायची तर आधी भाषा, मग परीक्षा, मग कागद, मग पुन्हा परीक्षा. माझ्या व्हिसावर सचिनचं नाव आहे, दारावर सचिनचं नाव आहे. मी त्या घरात राहते एवढंच.

तर त्या दिवशी सकाळी आण्णांचा फोन. "पोरी, गाळ्याला गिऱ्हाईक आलंय. मोबाईलचं दुकान टाकायचं म्हंतोय. मानूस बरा हाय. त्याला संध्याकाळी हो-न्हाई सांगायचंय. काय सांगू?" फोन कानाला, दुसऱ्या हातात कचऱ्याची पिशवी, पायात घरातल्या सपाता. मी बोलत बोलत दाराबाहेर आले आणि मागं धप्प! किल्ली आत. सचिन दुसऱ्या शहरात, संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. "आण्णा, नंतर सांगते," म्हणून मी फोन ठेवला आणि जिन्यात कपाळाला हात लावून उभी राहिले. शिंगणापूरची पोरगी, आणि कुलपाबाहेर!

कचरा टाकून चालत सुटले. थंडी होती. ट्रामच्या रस्त्यावर एक फार जुनं औषधालय आहे, येता-जाता बघितलेलं. बाहेर हिरवी फुली, काचेत अत्तराच्या बाटल्या. आत जायची कधी हिंमत झाली नव्हती. त्या दिवशी सपाता घालून सरळ घुसले. दार उघडं होतं ना!

आई गं, काय ते दुकान! गाभाऱ्यासारखा मंद उजेड, छतापर्यंत कोरीव कपाटं, छताला सोनेरी वेलबुट्टी. फरचे कोट घातलेल्या बाया मनगटावर अत्तर लावून हुंगत होत्या. साबण रेशमी फितीत बांधून, लग्नातल्या आहेरासारखे देत होते. आजारी माणूस एकही दिसेना. मी मनात म्हटलं, हे मेडिकल आहे का सराफाची पेढी?

आणि मग वरच्या फळीवरच्या चिनीमातीच्या बरण्या दिसल्या. त्यांच्यावरची अक्षरं मी सहज वाचायला लागले. ग्लिसिरायझा. फिनिक्युलम. सिनामोमम. सेन्ना. अहो, ज्येष्ठमध, बडीशेप, दालचिनी, सोनामुखी! बाहेर साधी बसची पाटी वाचताना मी अडखळते, आणि इथं सगळी फळी धडाधड वाचत होते. कॉलेजात पाठ केलेली लॅटिन नावं. त्या शहरात पहिल्यांदाच मला सगळं कळत होतं. मी मोठ्यानं वाचतेय हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

काउंटरमागची पांढऱ्या कोटातली बाई बघत होती. माझ्याएवढीच असेल. हसून तिनं विचारलं, "फार्माचिस्ता?" औषधवाली का तू? मी म्हटलं, "सी." हो. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला मी कोण आहे ते विचारलं होतं. तिनं एक खण उघडून ज्येष्ठमधाची काडी माझ्या हातावर ठेवली. वास आला आणि बुवांचा खाकरलेला घसाच ऐकू आला मला. मग तिनं साधाच प्रश्न विचारला, "दोवे लावोरा?" कुठं काम करतेस? याचं उत्तर मी शिकलेले होते. "आ कासा," घरी. पण घरी म्हणजे कुठं? त्या लोखंडी दाराआड? मी तिच्यासमोर घळाघळा रडले. ती गोंधळली, तिनं कागदी रुमाल पुढं केला आणि ती काडी माझ्या मुठीत तशीच राहू दिली.

बाहेर येऊन तिथल्याच पायरीवर बसून फोन लावला. "आण्णा, गाळा द्यायचा न्हाई."

"बरं," आण्णा म्हणाले. "मग येतीस कधी?"

मी काडी मुठीत घेऊन घराकडं चालायला लागले.

संध्याकाळी सचिन आला तेव्हा मी जिन्यात बसले होते. तिथंच सांगितलं, "तुझं काम वाढलं तर वाढू दे. मी परत जाणार. मला माझं दुकान उघडायचंय." तो दमलेला होता. त्यानं किल्ली काढून दार उघडलं आणि म्हणाला, "बोलू गं आपण. आधी आत ये, दार लाव." मी दार लावलं. ते बोलणं अजून झालेलं नाही. त्याचं काम वाढलंय. माझ्या परतीच्या तिकिटाचा विषय निघाला की त्याला ऑफिसचा फोन येतो, आणि मलाही भांडायला अंगात जोर नसतो. कोंडलंय मला, पण कोंडणारा कुणी एक माणूस दाखवता येत नाही, हाच तर वैताग आहे.

आण्णा मात्र बाजाराच्या दिवशी सोनईला जातात, शटर वर करतात, झाडून घेतात आणि रिकाम्या काउंटरवर फोन उभा करून ठेवतात. फोनमध्ये मी असते. विकायला काही नाही. लोक दुसरीकडून घेतलेली औषधं आणून दाखवतात. कुठली जेवणाआधी, कुठली नंतर, एवढंच मी सांगते. आण्णा मागं मुकाट बसून शेंगा खातात. आता घर कुठं म्हणून कुणी विचारलं तर मला त्या काउंटरवरचा हात दीड हात तुकडा आठवतो.

परवा एक म्हातारी पायरीशी येऊन थांबली. मला दिसत नव्हती, नुसता आवाज आला. "ताई हायती का? येऊ का आत?"

सचिन कामावर गेला होता. दाराची किल्ली दोनदा फिरवलेली होती, आतून मीच फिरवली होती. मी खुर्चीतून अर्धी उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "या की मावशी, उघडंच हाय!"