कुबेर नगरात कावेरी

तंजावरहून वल्लमकडे निघालं की पाचव्या मैलावर कुबेर नगर लागतं. हे नाव ठेवणाऱ्यानं कुबेराला विचारलं नसावं. १९९४ साली तिथं एकतीस घरं होती, त्यातली निम्मी गिलाव्यावाचून, आणि बाकी प्लॉटांवर चुना फासलेले दगड नि वेड्या बाभळी. रस्त्यांची नावं मात्र भरजरी. लक्ष्मी अव्हेन्यूच्या मधोमध दोन शेळ्या रवंथ करत बसत आणि मोपेडवाल्याला खाली उतरून त्यांची मनधरणी करावी लागे.

तुकोजीरावांनी यातलं एकही नाव कधी तोंडात घेतलं नाही. पोस्टमननं शेजारच्या गुरुमूर्तींचा पत्ता विचारला की ते सांगत, "नात्तंगालात." नात्तंगाल म्हणजे भाताची रोपं टाकायचा तुकडा. दुसरा क्रॉस रोड म्हणजे त्यांचं लांबडं शेत, टेलिफोन बूथ म्हणजे म्हशीचं डबकं, आणि लक्ष्मी अव्हेन्यू म्हणजे सासूचं वावर. पोस्टमन महिनाभर वैतागला, मग त्यानं मुकाट्यानं सगळी वावरं पाठ केली.

कारण ही जमीन तुकोजीरावांचीच होती. तंजावरच्या मराठा राजांच्या वेळी पूर्वज घोडा घेऊन आले आणि नांगर धरून राहिले. पुढं कावेरीचा नवा कालवा इकडून गेला, तेव्हा वडिलांनी त्यातून पाट काढून घराच्या मागच्या दारापर्यंत आणला. तुकोजीरावांचं सारं आयुष्य त्या पाटाच्या काठावर गेलं. रात्री अंथरुणातून आवाज ऐकून ते सांगत, पाणी कुठल्या बांधाशी अडलंय. पण मुलगा सुरेंद्र बंगळूरला गेला, मुलगी हरिता चेन्नईत कॉम्प्युटर शिकली, आणि चिखलात पाय घालायला कुणी उरलं नाही. एक्क्याण्णव साली चिदंबर दलाल कागद घेऊन आला. तुकोजीरावांनी एकच अट घातली: घर आमच्याकडे राहील आणि मागचा पाट बुजवायचा नाही.

ही अट बायकोसाठी, वसुमतीबाईंसाठी होती. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, त्या मुलखात बायका भरल्या कावेरीची पूजा करतात. वसुमतीबाई लग्न होऊन आल्यापासून ती मागच्या दाराशीच करत. कावेरी त्यांच्या उंबऱ्याशी येत असे, त्यांना कुठं जावं लागत नसे. चिदंबरनं "हो हो" म्हणत नकाशावर पेनानं एक निळी रेघ ओढून दिली. बाईंनी तो नकाशा देवाच्या तसबिरीमागं जपून ठेवला. त्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण रेघ कळत होती.

रेघ राहिली, पाट गेला. आधी त्यात सिमेंटची रिकामी पोती पडली, मग केरकचरा, मग तण. दोन वर्षं नवराबायको बसनं कावेरीकाठच्या तिरुवैयारूला जाऊन पूजा करून आली. तिसऱ्या वर्षी बाईंचे गुडघे गेले. घाटाच्या पायऱ्या उतरणं तर सोडाच, बसची पायरीही चढवेना.

"बसल्या जागी हात जोडेन," त्या म्हणाल्या. "त्यावाचून काय अडतं?" आणि मागच्या दाराकडं बघत राहिल्या. ते बघणं तुकोजीरावांना सोसलं नाही. आपण जमीन विकली तेव्हा हिला विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं, हे त्यांना एकाएकी आठवलं.

दुसऱ्या दिवशी सदुसष्ट वर्षांच्या त्या गृहस्थानं माळ्यावरची मम्मटी, म्हणजे शेतातलं रुंद पात्याचं फावडं, खाली काढली आणि पाट उपसायला घेतला. दहा दिवस उपसला. येणारेजाणारे थांबून सल्ले देत. सल्ल्याला काय लागतं? गुरुमूर्ती कॉलेजात कारकून, आईसह आपल्या प्लॉटवरच्या पत्र्याच्या खोलीत राहत; नुकताच त्यांनी तिथंच घराच्या पायाचा खड्डा खणून घेतला होता. ते म्हणाले, "राव सार, नळाला पाणी येतंय की! हे कशाला?" तुकोजीरावांनी मम्मटीचा पुढचा घाव घातला.

आडी अठराच्या सकाळी त्यांनी कालव्याकडचं तोंड फोडलं. लाल, फेसाळ पाणी पाटात शिरलं. तुकोजीराव अनवाणी, धोतर खोचून त्याच्या पुढं पुढं चालू लागले, तरुणपणी चालत तसे. टेलिफोन बूथ मागं पडला, दुसरा क्रॉस मागं पडला. आता वळण, आणि मग घर.

वळणावर पाणी थबकलं. जरा घुटमळलं, आणि उलट्या अंगाला वळून गुरुमूर्तींच्या खड्ड्यात धबाधबा कोसळलं.

चूक साधी होती आणि ती शेतकऱ्याचीच होती. उतार त्यांच्या पायांना पाठ होता, म्हणून त्यांनी मोजला नाही. पण प्लॉट पाडताना लॉऱ्या भरभरून मुरूम पडला होता, आणि घराकडची बाजू हातभर उंच झाली होती. डोळे बांधून पाणी फिरवणारा माणूस स्वतःच्या जमिनीवर वाट चुकला. गुरुमूर्ती ओरडत आले, तेव्हा तुकोजीराव मान खाली घालून उभे होते. मग त्यांनी कालव्याकडचं तोंड बुजवलं आणि घरी गेले.

मागच्या दाराशी वसुमतीबाई नऊवारी नेसून, ताटात गूळतांदूळ, हळदीचा दोरा नि दिवा घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या.

"कोठवर आलं पाणी?"

"नात्तंगालात गेलं. माझं चुकलं, अगे. इकडं येत नाही ते आता."

बाईंनी ताट मांडीवर घट्ट धरलं. मग म्हणाल्या, "अहो, पहिलं पाणी रोपांना तिकडंच जात होतं की! कधी चुकलं? मज तिकडं न्या."

खुर्चीसकट त्यांना उचलायला दुसरा माणूस हवा होता. तो गुरुमूर्तीच झाले, कारण त्यांची आई शेषम्मा त्यांच्यावर कडाडली होती: "घर व्हायच्या आधी कावेरीअम्मा आपल्या पायांनी दारी आली, आणि तू तिला शिव्या घालतोस?" खड्ड्याच्या काठावर दोन्ही म्हाताऱ्यांनी मिळून दिवा सोडला. आजूबाजूच्या बायका टीव्ही सोडून बघायला आल्या आणि हळदीचे दोरे बांधून घेऊन गेल्या.

ऊन उतरल्यावर गुरुमूर्ती पाणी उपसायला भाड्याचा मोटरपंप घेऊन आले. तुकोजीरावही मदतीला बादली घेऊन गेले. पण उपसायला पाणीच नव्हतं. तळाशी ओल होती, विझलेला दिवा होता आणि थोडे तांदूळ. गुरुमूर्ती मोटरवाल्याची समजूत घालत राहिले.

तुकोजीराव रिकामी बादली घेऊन घरी आले आणि बायकोच्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसले.

"जमिनीनं सगळं पाणी पिऊन टाकलंन्," ते म्हणाले. "तीन वर्षांची तहान. आपण विकली, हे तिला कुणी सांगितलंच नाही, अगे."