वाचून दाखवल्याची ओळ

जमीलसरांच्या क्लासात पहिल्याच दिवशी चोर पकडला जायचा. पाटोद्यात इंग्रजीचे क्लास आणखीही आहेत. तिथं पॅसिव्ह शिकवायचा म्हणजे कोणाकडून तरी आंबा खाल्ला जातो, कोणाकडून तरी पत्र लिहिलं जातं, आणि पोरं जांभया देत बसतात. जमीलसर फळ्यावर आधी एक माणूस काढायचे, त्याच्या काखेत शेळी काढायचे आणि मागं वळून विचारायचे, "काय झालं?"

"द गोट वॉज स्टोलन!"

"मग?"

"द थीफ वॉज कॉट! ही वॉज टाईड! ही वॉज बीटन!"

'बीटन'ला बाकं बडवली जायची. खाली गॅरेजमध्ये सरांचा मेहुणा रईस मोटारसायकली उघडून बसलेला असे, तो वर बघून शिव्या घालायचा. मग यायची शिक्षा. क्लासाचा रिवाजच होता तसा. केस संपली की शिक्षा पोरांनी ठरवायची. तोंड काळं करा, गाढवावर बसवा, हात तोडा, उलटा टांगा. शिक्षा जितकी जबर तितकं वाक्य पक्कं. "आंबा खाल्लेला कोणाच्या ध्यानात राहतो?" सर म्हणायचे. "मार खाल्लेला जल्मभर राहतो." पोरं खूश, पालक खूश, आणि बारावीला इंग्रजीत पास होणारी पोरंही दरसाल वाढत होती. त्यामुळं कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

सर म्हणजे काही शिकून झालेले मास्तर नव्हेत. ते टायपिस्ट. कोर्टासमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून तीस वर्षं त्यांनी लोकांची प्रतिज्ञापत्रं आणि अर्ज टाईप केले होते आणि इंग्रजीही तिथंच शिकले होते, वकिलांचे खर्डे बडवता बडवता. कोर्टाच्या कागदात कोणी काही करत नसतं, सगळं केलं गेलेलं असतं. टाईप केलेल्या प्रत्येक कागदाची एक कॉपी ते जपून ठेवायचे. त्याची एक लोखंडी पेटी भरली होती. पोरं जरा तयार झाली की सर पेटी उघडायचे. पोरानं न बघता हात घालायचा, एक कागद काढायचा, उभं राहून इंग्रजी वाचायचं आणि वाक्यागणिक मराठी सांगायचं. नावं खोडलेली नसायची. खोट्या नावाच्या गुन्ह्यात पोरांचा जीव रमत नाही, असं सरांचं म्हणणं.

बायको कमरजहाँ एकदा म्हणाली होती, "लोकांची दुखणी हायत ती. पोरांच्या हातात काहून देता?"

"जुनी हायत गं. कोण हाय आता त्यातलं?" सर म्हणाले आणि विषय संपला.

त्या वर्षी क्लासात राजनंदिनी होती. एकोणीस वर्षांची, बारावीला एकदा इंग्रजीत गेलेली. बाकी सगळ्या विषयांत पास. तिचे आजोबा अर्जुनराव म्हणजे बडं प्रस्थ, बागायती, दारात जीप, निवडणुकीला गावं हलवणारा माणूस. त्यांनी नातीला स्वच्छ सांगितलं होतं, या खेपेला पास झालीस तर बीडला नर्सिंगला जा, नापास झालीस तर मांडवात बस. पोरगी जीव तोडून शिकत होती. आई तिच्या लहानपणी काविळीनं गेली, असं तिला घरात सांगितलेलं. बाप दुसरं लग्न करून पुण्यात. आणि युसूफ वडगावची आईची आई, छबुबाई, हिच्याबद्दल घरात एकच वाक्य होतं: तिनं तुला लिहून दिली आणि मोकळी झाली.

परीक्षा पंधरा दिवसांवर असताना पेटीत हात घालायची पाळी राजनंदिनीची आली. तिनं कागद काढला, उभी राहिली आणि खणखणीत वाचायला लागली. 'वॉज' थेट सरांसारखा, लांबवून. सर खिडकीशी डोळे मिटून ऐकत होते. हीच पोरगी दिवाळीला 'वॉज' आणि 'वेअर'मध्ये रडत होती, याचं त्यांना कौतुक वाटत होतं.

"मी छबुबाई, राहणार युसूफ वडगाव," तिनं पहिल्या वाक्याची मराठी सांगितली आणि थांबली. मग हळू वाचलं. "माझी मुलगी शिवकन्या ही स्टोव्हच्या भडक्यानं भाजली गेली. तो अपघात होता. तिचे सासरे अर्जुनराव यांच्यावर माझ्याकडून केली गेलेली तक्रार रागाच्या भरात केली गेली होती."

सरांचे डोळे उघडले. "बस," ते म्हणाले. "दुसरा कागद घे."

ती थांबली नाही. तिला आता थांबता येण्यासारखं नव्हतं. "शिवकन्येची मुलगी राजनंदिनी, वय दीड वर्ष, ही माझ्या राजीखुशीनं तिच्या आजोबांकडं कायमची दिली गेली आहे. तिच्यावर माझा काही हक्क नाही." मग तिनं अगदी खालची ओळ वाचली. ती ओळ प्रत्येक कागदाच्या तळाशी असायची, म्हणून पोरं ती कधी वाचतच नसत. "वरील मजकूर अंगठा करणारीला वाचून दाखवला गेला आणि समजावून सांगितला गेला. खाली तुमची सही हाय, सर."

तिनं कागदावरून मान वर केली.

"सर, तुमी तिला वाचून दाखवलतं?"

सरांना ती दुपार आठवली. हजारो कागदांत तो एक कागद सतरा वर्षं बुडून राहिला होता आणि आता सगळाच्या सगळा वर आला. अर्जुनराव टेबलाला टेकून उभे. अंगठ्याला शाई लावलेली एक बाई. तिच्या पिशवीत एक लाल झबलं होतं आणि ती तेवढंच विचारत होती, "अंगठा दिला की पोरगी आजच देतेत ना?" अर्जुनरावांनी मान हलवली. सरांना पुढं चार कागद करायचे होते. "देतेत, मावशी. लावा अंगठा," ते म्हणाले. वाचून दाखवल्याची ओळ आधीच टाईप झालेली होती. ती सगळेच आधी टाईप करतात. वाचून कोणीच दाखवत नाही.

तीस पोरं बघत होती. खरं बोलायला एक शब्द पुरला असता.

"हो," सर म्हणाले. "अक्षर न् अक्षर."

मागून मुजाहिदनं, फळवाल्याच्या पोरानं, रिवाजाप्रमाणं आरोळी दिली, "सर, शिक्षा?" त्याच्या बिचाऱ्याच्या काही डोक्यात आलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, जिनं लेकीचं मरण विकलं तिला! आणि पोरं सुटली. म्हातारीचं डोकं भादरा, म्हातारीला गावाबाहेर काढा. सरांनी त्यांना गप्प केलं नाही. त्या गोंधळात कोणी आपल्याकडं बघत नाही, हे त्यांना बरं वाटलं, आणि या एका गोष्टीची लाज त्यांना पुढं सगळ्यात जास्त वाटली.

राजनंदिनीनं कागदाची घडी केली. "शिक्षा मी देते," ती म्हणाली आणि निघून गेली.

ती त्याच दिवशी एसटीनं युसूफ वडगावला गेली. पुढचं सरांना मुजाहिदकडून कळलं, त्याचा मामा तिथंच राहतो. म्हणे पोरीनं अंगणात उभं राहून म्हातारीला नको नको ते ऐकवलं, भर गल्लीत कागद वाचून दाखवला, इंग्रजीत आणि मराठीत. छबुबाईनं सतरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं की आपण कशावर अंगठा दिला होता. ती तशीच आत गेली, पेटीतून ते लाल झबलं घेऊन आली आणि पोरीच्या हातात दिलं. "मला म्हणले पोरगी देतेत," एवढंच म्हणाली. "टायपिंगवाला पण देतेत म्हणला."

राजनंदिनी तिथंच राहिली. आजोबांना फोनवर तिनं एकच विचारलं, माझी आई कशानं मेली. अर्जुनरावांनी फोन ठेवला, आणि घरातले दागिने म्हातारीनं नातीकरवी चोरले, असा अर्ज पोलिसांत देऊन टाकला. दागिने घरातच होते, पण म्हातारीला रोज ठाण्यात नेऊन दिवसभर बसवायला तेवढं पुरलं. पाचव्या दिवशी पोरगी आपल्या पायांनी परत आली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला, लिंबाखाली जीप थांबली. अर्जुनराव उतरले. मागं राजनंदिनी.

"काय मास्तर, एक कागद करा," अर्जुनराव खुर्ची ओढत म्हणाले. "इंग्रजीत. पयल्यावानी."

मजकूर त्यांनी सांगितला. ती रागाच्या भरात घर सोडून गेली होती. तिच्यावर कोणाकडूनही जबरदस्ती केली गेली नाही. तिचं लग्न तिच्या राजीखुशीनं ठरवलं गेलं आहे, शिक्षण तिनं स्वतःहून सोडलं आहे, आणि तिची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. हा कागद झाला की म्हातारीवरचा अर्ज मागं. कोणी आवाज चढवला नाही. सरांनी टाईप केलं. बोटं आपोआप चालली आणि तळाशी ती ओळही आपोआप पडली. प्रिंट काढून त्यांनी कागद टेबलावर ठेवला. वाचून दाखवावा, निदान हा एक तरी, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी घसा खाकरला.

"राहू द्या, सर," राजनंदिनी म्हणाली. "मला येतं."

तिनं ओळीखाली बोट धरलं आणि मोठ्यानं वाचायला लागली. आधी इंग्रजी, मग मराठी, वाक्यागणिक, क्लासात वाचायची तसं. 'वॉज' लांबवून. शेजारच्या टेबलांवरचे टायपिस्ट थांबून ऐकायला लागले. एकही शब्द अडला नाही. सरांना वाटलं आता कागद हिसकावून घ्यावा, सांगावं की त्या दिवशी मी खोटं बोललो. त्यांनी अर्जुनरावांकडं पाहिलं आणि ते टेबलाची कड धरून बसून राहिले. भ्यालेला माणूस इतका स्वस्थ दिसू शकतो, हे बघणाऱ्याला खरं वाटलं नसतं.

शेवटच्या ओळीशी ती थांबली.

"ही ओळ काढा," ती म्हणाली. "मला कोणी वाचून दाखवलं न्हाई आन् समजावून सांगितलं न्हाई. तुमी आजीला बी दाखवलं नव्हतं. मी गेलते, तिला इचारलं. बाकी कागद खोटा असला तरी राहू द्या, म्हातारीला घरी जाऊ द्यायचंय मला. पर ही ओळ काढा."

"कशाला वेळ घालवता," अर्जुनराव म्हणाले. पण एका ओळीनं त्यांचं काही अडत नव्हतं, म्हणून त्यांनी हात हलवला. सरांनी ओळ काढली आणि दुसरी प्रिंट दिली. तीस वर्षांत त्या टेबलावरून त्या ओळीशिवाय गेलेला तो पहिला कागद. पोरीनं खाली इंग्रजीत सही केली, गोल, शिकवल्यासारखी. हॉलतिकिटावर करायची ठरवली होती तीच.

अर्जुनरावांनी कागद उन्हात धरला, वरखाली पाहिला. त्यांना स्वतःला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं.

"लई हुशार केली मास्तर तुमी आमची पोरगी," ते खरंच खूश होऊन म्हणाले आणि जीपकडं वळले.

राजनंदिनी त्यांच्या मागोमाग गेली. तिनं वळून पाहिलं नाही, आणि पाहावं अशी अपेक्षा करायचीही सरांची छाती झाली नाही. टेबलावर सवयीनं काढलेली दुसरी कॉपी पडली होती, पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, बारावीची पोरं पेपरामुळं आलेली नसताना, अकरावीची पोरं वर येऊन बाकं बडवत बसली. सर आले. त्यांनी फळ्यावर माणूस काढला नाही. नुसतंच लिहिलं, आंबा खाल्ला गेला.

"सर, ही कुठली केस?" पोरांनी विचारलं. "शिक्षा कोणाला?"

सरांनी खडू खाली ठेवला आणि सांगितलं की आजपासून शिक्षा बंद. पोरं फार नाराज झाली.