काळा झगा आणि समुद्र

या गावाच्या पायऱ्या लिंबांच्या बागांमधून उतरत थेट समुद्रापर्यंत जातात. इटलीचा हा किनारा पाहायचं ह्यांच्या फार मनात होतं. हे गेले, आणि त्यांनी ठरवलेल्या प्रवासाला मी धाकट्या नणंदेला, सुधाला, सोबत घेऊन आले. "वर्षाच्या आत कसला प्रवास?" असं घरातल्या प्रत्येकाने विचारून झालं होतं.

रोज सकाळी एक म्हातारी या पायऱ्या उतरते. अंगात पायघोळ काळा झगा. नवरा गेला की इथल्या जुन्या बायका जन्मभर काळंच घालतात, असं आमची घरमालकीण सांगत होती. आज ती बाई पाण्यापाशी थांबली, झगा काढून त्याची नीट घडी दगडावर ठेवली, आणि पोहायच्या कपड्यांत सरळ समुद्रात शिरली. मनसोक्त पोहली. मग अंग पुसून तिने पुन्हा तोच काळा झगा चढवला आणि पायऱ्या चढू लागली.

मी बघत राहिले. आपण किती दुःखात आहोत, हे लोक लांबून मोजत असतात. मोजू देत. माझं दुःख पाण्यात उतरलं की फिकं पडेल इतक्या कच्च्या रंगाचं नाही.

मी चपला काढल्या.

"अहो वहिनी, कुठे निघालात? घरी कळलं तर?"

"कळू दे की. तूच फोटो काढ आणि घरच्या ग्रुपवर टाक." लाटेने मला साडीसकट कमरेपर्यंत भिजवलं. "आणि सुधा, समुद्र नीट येऊ दे फोटोत. तुझ्या दादाला तो पाहायचा होता."